पुस्तकातले तिकीट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या कपाटातले एक पुस्तक इस्तंबूलला जाऊन आले. मी गेलो नाही. मी घरी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. पुस्तक घेऊन गेलेली मुलगी वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. आता ती पुण्यात नोकरी करते. गावी आली की घरी येते, चहा होण्यापूर्वीच माझ्या कपाटापुढे उभी राहते आणि मान तिरकी करून पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचते. त्या खेपेस तिने ओरहान पामुक यांच्या 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' या कादंबरीची इंग्रजी प्रत ओढून काढली. नवऱ्याबरोबर तुर्कस्तानला जाण्याचे ठरले होते. "सर, हे वाचूनच जाते," ती म्हणाली.

महिन्याभराने पुस्तक पार्सलने परत आले. त्यात एक चिठ्ठी होती. परंतु चिठ्ठीआधी मी पुस्तकाचे शेवटचे प्रकरण उघडले. या कादंबरीची ८३ प्रकरणे आहेत आणि शेवटच्या प्रकरणात एका तिकिटाचे चित्र छापलेले आहे. ते केवळ शोभेचे नाही. इस्तंबूलच्या चुकुरजुमा नावाच्या वस्तीत या कादंबरीच्याच नावाचे एक संग्रहालय खरोखरीच उभे आहे. जो वाचक कादंबरीची प्रत हातात घेऊन तेथे जाईल त्याला पैसे न घेता आत सोडतात आणि पुस्तकातल्या तिकिटावर शिक्का मारून देतात. माझ्या प्रतीतल्या तिकिटावर तो शिक्का होता. तिकीट एकाच खेपेचे असते. माझी खेप माझ्या विद्यार्थिनीने करून टाकली होती!

मग चिठ्ठी वाचली. "ती. सरांना सा. न. पुस्तक सुखरूप पाठवीत आहे. तुमचं तिकीट मी वापरलं, राग मानू नये. शहर फार मोठं आहे, गर्दी फार आहे आणि पुस्तकात वाचलेलं जवळजवळ काहीच सापडलं नाही. संग्रहालयात फ्युसूनचं सगळं आहे, फक्त तीच नाही. मग सर, कादंबरी वाचून आपण एखाद्या गावाला जातो, ते नक्की काय पाहायला?"

मुले शाळेत असताना असे प्रश्न विचारीत नाहीत, हे आम्हा मास्तरांचे भाग्य. आता हा प्रश्न माझ्यापुढे आला आणि तो माझ्या दोन्ही धंद्यांना लागू होता. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. त्या वाचून कोणी आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु जगात अशी काही शहरे आहेत, की ज्यांच्याकडे माणसे पुस्तकांच्या बोटाला धरून जातात. इस्तंबूल त्यांतले एक. तेव्हा त्या शहराच्या कथाकादंबऱ्या हाताशी घेऊन मी हा प्रश्न नव्याने सोडवू लागलो. त्याचे जे उत्तर निघाले ते या फराळाच्या दिवसांत वाचकांपुढे ठेवीत आहे. मी इंग्रजी वाङ्मयाचा पदवीधर नव्हे आणि तुर्की तर मला येतच नाही. जे वाचले ते भाषांतरांतून आणि शब्दकोश उशाशी ठेवून वाचले आहे, एवढे आधीच सांगतो.

सर्वांत पुष्कळ माणसांना इस्तंबूलकडे नेणारे पुस्तक कोणते, असे विचारले तर बहुधा अगाथा ख्रिस्तीबाईंच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'चे नाव निघेल. १९३४ साली प्रसिद्ध झालेली ही रहस्यकथा आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना रात्री जागून वाचली असेल. तिच्या नादाने माणसे इस्तंबूलला उतरतात, सिर्केजीचे जुने रेल्वे स्टेशन पाहतात आणि मग पेरा पॅलेस या नामांकित हॉटेलात जाऊन ४११ क्रमांकाच्या खोलीची चौकशी करतात. ख्रिस्तीबाईंनी ही कादंबरी याच खोलीत लिहिली, असे तेथे सांगितले जाते.

आता मौज पाहा. कादंबरीत पेरा पॅलेस नाही! हर्क्यूल पॉयरो आशियाच्या किनाऱ्यावर गाडीतून उतरतो, बोटीने बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडतो आणि येतो तो तोकातलियान नावाच्या हॉटेलात. तेथे त्याला तार मिळते, मुक्काम रद्द होतो आणि त्याच रात्री तो गाडी पकडतो. एका प्रकरणापुरतेच काय ते इस्तंबूल! पुढचे सारे नाट्य युगोस्लाव्हियात बर्फात अडकलेल्या डब्यात घडते. तोकातलियान हॉटेल केव्हाच बंद झाले. पॅरिसहून इस्तंबूलपर्यंत थेट येणारी जुनी गाडीही १९७७ साली थांबली. १८९० साली बांधलेल्या त्या देखण्या सिर्केजी स्टेशनाखाली २०१३ पासून समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यातून जाणारी लोकल धावते आणि तिच्यात कचेरीला निघालेली माणसे आपल्या दादर-ठाण्यासारखीच उभी असतात.

म्हणजे पुस्तकाच्या ओढीने गेलेला वाचक पुस्तकात नसलेल्या हॉटेलात जातो आणि आता न सुटणाऱ्या गाडीची वाट पाहतो. यात कादंबरीचे काही बिघडत नाही. ती उत्तम रहस्यकथा आहे आणि राहील. परंतु या प्रवासाने तिच्यात भरही पडत नाही. तिच्या लेखी इस्तंबूल हा एक फलाट आहे. फलाट पाहून आल्याने गाडीतल्या खुनाचा उलगडा अधिक होत नाही. पहिला धडा हा, की ज्या पुस्तकात शहर केवळ सुरुवातीच्या शिट्टीपुरते येते, ते पुस्तक आपल्याला पाठवू शकते, पण पोचल्यावर आपल्याशी बोलत नाही.

दुसरे उदाहरण याहून जुने आणि अवघड आहे. ज्युलियाँ व्हियो नावाचा एक फ्रेंच आरमारी अधिकारी १८७६ साली तुर्कांच्या मुलखात आला. पुढे त्याने पियेर लोती हे टोपणनाव घेतले आणि त्याच नावाने तो जगाला माहीत झाला. त्याची 'आझियादे' ही कादंबरी १८७९ साली प्रथम लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाली. एका वृद्ध तुर्काच्या जनानखान्यातली तरुणी आणि परदेशी खलाशी यांची ती चोरटी प्रेमकथा. खलाशी देशी परततो. पुन्हा येतो तेव्हा ती जगात नसते. डोळे पुसायला लावणारी गोष्ट. ती वाचून युरोपातली कितीतरी माणसे इस्तंबूलच्या स्वप्नात पडली.

गोल्डन हॉर्न नावाच्या खाडीच्या टोकाशी एयुप हे पवित्र मानलेले ठिकाण आहे. तेथल्या टेकडीवर थडग्यांच्या रांगांतून वर गेले, की एक चहाचे दुकान लागते. त्याला आणि टेकडीलाही लोतीचेच नाव आहे. आता वर जायला दोरावरचे पाळणे आहेत. माणसे वर जातात, लहान कंबरेच्या पेल्यांतून चहा पितात, खालची खाडी पाहतात आणि खाली येतात. दृश्य अप्रतिम आहे, असे जाऊन आलेले सगळेच सांगतात. लोतीने बाल्कन युद्धांच्या काळात तुर्कांची बाजू घेतली होती, त्याची आठवण शहराने ठेवली, यातही वावगे काही नाही.

परंतु त्याच भूमीतला कवी नाझिम हिकमत याने १९२५ साली लोतीला उद्देशून एक जळजळीत कविता लिहिली. तुम्ही ज्या पूर्वेच्या प्रेमात पडला आहात ती कोठेच नाही, येथे भुकेली, कष्टणारी माणसे राहतात, असा तिचा रोख. हे वाचल्यावर मी 'आझियादे' पुन्हा चाळली. तेव्हा लक्षात आले, की तीत चांदणे आहे, होड्या आहेत, बुरखे आहेत, जाळीच्या खिडक्या आहेत. पण जाळीच्या आतून बाहेर पाहणाऱ्याला हे शहर कसे दिसते, याचा पत्ता नाही. लोतीने शहराचा पडदा केला आणि पडद्यापुढे स्वतःचे दुःख मांडले. अशा पुस्तकाच्या मागोमाग गेलेला वाचक टेकडीवर चढतो खरा, पण थोडा जागा असेल तर त्याला खाली राहणाऱ्यांची आठवण होते आणि पुस्तक हातात जड वाटू लागते. हा प्रवास पुस्तकाला उघडे पाडतो. मी याला वाया गेलेला प्रवास म्हणणार नाही.

आता ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या पुस्तकांकडे येतो. ही पुस्तके त्या शहरात राहणाऱ्यांनी लिहिलेली आहेत.

अहमद हमदी तानपिनार हे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. १९०१ साली जन्मलेले आणि १९६२ साली वारलेले हे कवी-प्राध्यापक. त्यांची 'हुझूर' ही कादंबरी १९४९ साली पुस्तकरूपाने निघाली. नाव वाचताच आपल्याला 'हुजूर' आठवेल आणि ते चूकही नाही. अरबीतला एकच शब्द दोन वाटांनी दोन घरी गेला. आपल्याकडे तो मोठ्यांच्या समोर हजर राहण्याचा झाला, हुजऱ्या झाला. तुर्कीत तो मनाच्या शांतीचा झाला. असे शब्द पुष्कळ आहेत. दुकान तेथेही दुकान, मैदान तेथेही मैदान. आपल्या मराठीत मुसाफर म्हणजे वाट चालणारा. तोच शब्द तुर्कीत 'मिसाफिर' होऊन घरी आलेला पाहुणा बनतो. या शेवटच्या शब्दाकडे पुढे यावयाचे आहे.

'हुझूर'ची गोष्ट सांगायला बसले तर थोडकी आहे. मुम्ताझ नावाचा तरुण बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर नुरानला भेटतो. ती घटस्फोटिता आहे, तिला एक लहान मुलगी आहे. एक उन्हाळाभर ही दोघे बॉस्फरसच्या काठाने हिंडतात, जुने संगीत ऐकतात, जुन्या वाड्यांच्या बागा पाहतात. लग्न ठरते, आणि मग सुआत नावाचा एक मनुष्य, जो नुरानवर पूर्वी प्रेम करीत असे, मुम्ताझच्याच घरात आत्महत्या करतो. लग्न मोडते. हे सारे मुम्ताझला आठवते ते १९३९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस. घरात भावासारखा इहसान न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला आणि रेडिओवर महायुद्धाची बातमी येऊ घातलेली. ज्या कादंबरीचे नाव शांती, तिच्या शेवटी जगातली शांती संपते.

या कादंबरीत इस्तंबूलची स्तुती कोठेही ठरवून केलेली नाही. उलट मुम्ताझ ज्या गल्ल्यांतून जातो त्या पडक्या आहेत, जुन्या बाजारात मेलेल्यांचे सामान विकायला मांडलेले आहे. तरीही ती वाचताना आपल्याला बोटीत बसावेसे वाटते. का? मी यावर बराच विचार केला. मला असे दिसते, की तानपिनार आपल्याला बोट दाखवीत नाहीत, तर बोटीचे वेळापत्रक आपल्या अंगवळणी पाडतात. शेवटची बोट चुकेल म्हणून बोलणे आवरते घ्यावे लागते. अमुक धक्का आला म्हणजे ती उतरणार, म्हणून त्याच्या आधीच्या धक्क्यापासून मन उदास होऊ लागते. ज्याने कोणाला स्टँडवर पोचवून परत येण्याचा अनुभव घेतला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शहराची ओढ वर्णनाने लागत नाही. रोजच्या वहिवाटीने लागते. कादंबरी ती वहिवाट आपल्याला उसनी देते.

आणि या पुस्तकाचे भाग्य असे, की बॉस्फरसच्या बोटी आजही चालतात. सामुद्रधुनीवर आता पूल झाले, खालून बोगदे झाले. तरी माणसे बोटीने कामाला जातात, डेकवर चहा घेतात, समुद्रपक्ष्यांना पावाचे तुकडे टाकतात. या बोटीत बसलेल्या वाचकाला एक गोष्ट मिळेल, जी घरी पुस्तक वाचून मिळत नाही. एका धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागतो आणि त्या वेळात किती बोलून होते, हे त्याला कळेल. कादंबरीतल्या संभाषणांची लांबी त्याला प्रथमच बरोबर मोजता येईल.

पामुकांची मेवलुतची गोष्ट याच जातीची आहे. 'अ स्ट्रेंजनेस इन माय माइंड' ही २०१४ साली तुर्कीत प्रसिद्ध झालेली कादंबरी. मेवलुत १९६९ साली बारा वर्षांचा असताना अनातोलियातल्या खेड्यातून बापाबरोबर इस्तंबूलला येतो आणि पुढे आयुष्यभर खांद्यावर कावड घेऊन हिवाळ्याच्या रात्री गल्लोगल्ली बोझा विकतो. बोझा म्हणजे भरडधान्य आंबवून केलेले दाट, आंबटगोड पेय. आपल्या आंबिलीची दूरची बहीण म्हणा ना! वर दालचिनी भुरभुरतात आणि बरोबर चक्क फुटाणे खातात. व्हेफा नावाच्या भागात १८७६ पासून चालत आलेले बोझाचे दुकान आहे.

या मेवलुतने एका लग्नात एका मुलीचे नुसते डोळे पाहिले आणि तीन वर्षे तिला पत्रे लिहिली. चुलतभावाने डाव असा केला, की पळवून आणली ती तिची थोरली बहीण! काळोखात गाडीत तिचा चेहरा दिसला तेव्हा त्याला उमगले. पण तो बोलला नाही. तिच्याशीच त्याने संसार केला आणि सुखाचा केला. मग पत्रे कोणाला लिहिली होती? हा प्रश्न पामुक पाचशेहून अधिक पाने जागता ठेवतात आणि मेवलुतची आरोळी त्या पानांतून रात्रभर फिरत राहते. या पुस्तकाने इस्तंबूलला गेलेला मनुष्य राजवाडा पाहील, १५५७ साली पुरी झालेली सुलेमानिये मशीद पाहील. पण रात्री हॉटेलाच्या खिडकीशी उभा राहून खालून कोणी ओरडत जाते का, हे ऐकेल. मला हे वाचकाचे खरे लक्षण वाटते. तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी अधिक प्रवास करतो.

इतर पुस्तकांचा उल्लेख धावताच करतो. सोळाव्या शतकातल्या चित्रकारांच्या खुनाची गोष्ट सांगणारी पामुकांची 'माय नेम इज रेड' मराठीतही आलेली आहे. ती वाचून तोपकापी राजवाड्यातल्या खजिन्यापुढे उभे राहणाऱ्याला तेथली रत्ने दिसण्याऐवजी दिव्याच्या उजेडात चित्रांची पाने उलटणारा म्हातारा उस्मान दिसेल. एलिफ शफाक यांच्या 'द आर्किटेक्ट्स अप्रेंटिस'मध्ये तर हिंदुस्थानातून जहाजाने आलेला एक पांढरा हत्ती आणि आपण हिंदुस्थानचे म्हणवणारा त्याचा माहूत जहान, सुलतानांचे महान स्थपती सिनान यांच्या हाताखाली काम करतात. मुलांना गोष्ट सांगायला ती फार चांगली. आणि ज्यांना कादंबरी नको, सरळ प्रवासच हवा, त्यांच्यासाठी मीना प्रभूंचे 'तुर्कनामा' मराठीत आहेच.

आता चिठ्ठीतल्या वाक्याकडे वळतो. "फ्युसूनचं सगळं आहे, फक्त तीच नाही."

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७५ सालचे इस्तंबूल. केमाल तिशीतला, श्रीमंत घरचा, साखरपुडा व्हायचा आहे. वाग्दत्त वधूसाठी पर्स घ्यायला तो एका दुकानात शिरतो आणि तेथे काम करणारी अठरा वर्षांची फ्युसून त्याला भेटते. ती लांबच्या नात्यातली, गरीब घरची. प्रेम जडते, तरी साखरपुडा दुसरीशी होतो. फ्युसून नाहीशी होते. सापडते तेव्हा तिचे लग्न झालेले असते आणि ती चुकुरजुमातल्या आईबापांच्या घरी नवऱ्यासह राहत असते. पुढे जवळजवळ आठ वर्षे केमाल त्या घरी रात्री जेवायला जातो. सगळे मिळून टेलिव्हिजन पाहतात. आणि जाताना तो काहीतरी खिशात टाकतो. मिठाची डबी, चिनीमातीचा कुत्रा, केसांची पिन, तिने ओढून विझवलेल्या सिगारेटचे थोटूक. १९८४ साली मोटारीच्या अपघातात फ्युसून मरते. केमाल ते घर विकत घेतो आणि जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय करतो.

पामुकांनी ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध केली. त्याच्या कितीतरी आधीच त्यांनी चुकुरजुमात खरोखरीचे एक घर घेऊन ठेवले होते, वस्तू जमवल्या होत्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये संग्रहालय उघडले. २०१४ साली युरोपातल्या वर्षातल्या सर्वोत्कृष्ट संग्रहालयाचा मान त्याला मिळाला. प्रत्येक प्रकरणाची एक अशा पेट्या मांडलेल्या आहेत. आत शिरताच भिंतीवर सिगारेटची ४,२१३ थोटके टाचण्यांनी लावलेली आहेत, फुलपाखरे लावावीत तशी. आणि खाली हाताने लिहिलेल्या बारीक नोंदी. कोणीही न जगलेल्या आयुष्याचे इतके पुरावे जगात दुसरीकडे क्वचितच एकत्र केलेले असतील.

मी ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हा भारावून गेलो होतो. वर्गातही तिच्याविषयी बोललो. प्रेम असावे तर असे, त्याला प्रेयसीचे थोटूकसुद्धा टाकवत नाही, असे काहीसे मी म्हणालो असेन. विद्यार्थिनीच्या त्या वाक्यानंतर मी ती पुन्हा वाचली, या वेळी फ्युसूनचे काय चालले आहे याच्याकडे लक्ष ठेवून. तिला सिनेमात काम करायचे होते. ही एकच गोष्ट ती पहिल्यापासून मागत होती. नवरा सिनेमाचा नादी, केमालजवळ पैसा. दोघांनी मिळून चित्रपट कंपनी काढली, आज करू, उद्या करू केले, सिनेमाचे जग वाईट म्हणून तिला जपले. आणि चित्रपट निघाला तेव्हा नायिका दुसरीच होती. आठ वर्षे तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाने तिची प्रत्येक वस्तू उचलली, पण तिचे मागणे उचलले नाही. शेवटच्या प्रवासात ती हे त्याला बोलून दाखवते. नंतर गाडी तिच्या हातात असते आणि समोर झाड.

हे सारे माझ्या पहिल्या वाचनात होते, पण मी त्याच्यावरून पुढे गेलो होतो. केमाल सांगतो आणि आपण ऐकतो. त्याच्या आवाजाला इतकी गोडी आहे की दुसरा आवाज नाही हे ध्यानात येत नाही. ध्यानात केव्हा येते? त्या घराच्या तीन मजल्यांवर पेट्यांमागून पेट्या पाहत गेल्यावर, सगळ्या वस्तू डोळ्यांसमोर असताना, जिच्या त्या वस्तू तिचे म्हणणे मांडायला एकही पेटी नाही असे दिसते तेव्हा. कागदावर जी उणीव झाकलेली होती ती खोलीत उघडी पडली. माझी विद्यार्थिनी ते पाहून आली आणि तिला वाटले की आपल्याला काही सापडले नाही!

पामुकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांना हे ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. कादंबरीच्या अखेरीस केमाल स्वतःच्या सुखाची ग्वाही देतो. ती वाचून आपल्याला समाधान वाटण्याऐवजी किंचित अस्वस्थता वाटावी, अशी सोय लेखकाने करून ठेवलेली आहे. फ्युसूनचा राग त्यांनी पुस्तकात शिल्लक ठेवला, तो पुसला नाही. परंतु राग शिल्लक ठेवणे वेगळे आणि तिला बोलू देणे वेगळे. एवढ्या मोठ्या कादंबरीत तिला एक प्रकरण देता आले असते. ते दिले नाही, हा माझ्या मते या थोर कादंबरीचा दोष आहे आणि तो मला एका वापरलेल्या तिकिटामुळे कळला.

तेव्हा प्रश्नाचे माझे उत्तर असे. कादंबरी वाचून आपण एखाद्या शहराला जातो ते कादंबरी पाहायला नव्हे. ती तेथे नसतेच. आपण जातो ती तिची परीक्षा घ्यायला. काही पुस्तके फलाटावरच मागे राहतात. काही टेकडीवर उघडी पडतात. काही बोटीत आपल्या शेजारी बसून येतात आणि परतल्यावर अधिक खोल वाटतात. आणि एखादे पुस्तक स्वतःचे संग्रहालय बांधते आणि त्यातच आपला दोष आपल्याला दाखवून देते. मुसाफर म्हणून निघालेल्या वाचकाने तेथे मिसाफिर व्हावे. पाहुणा घराची स्तुती करतो, पण घरात कोण बोलत नाही हे त्याच्या लगेच लक्षात येते.

सणासुदीला घरात चार माणसे जमतात, पुढच्या सुट्टीचे बेत ठरतात. कोणी इस्तंबूलला जाणार असेल तर त्याने 'हुझूर' जरूर वाचावी, मेवलुतची गोष्ट वाचावी. ज्यांना जाणे शक्य नाही, आणि आमच्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांनीही वाचावी. मात्र मग जाऊन आलेल्याला घरी बोलवावे, चकली-चिवड्याची बशी पुढे ठेवावी आणि त्याला काय सापडले नाही ते नीट विचारून घ्यावे.

मी तिला हे सारे लिहून कळवले आहे. पुस्तक कपाटात जागेवर ठेवले आहे. यंदा सुट्टीत ती आली, की तिच्या हातात तानपिनार द्यायचे ठरवले आहे. त्या पुस्तकात तिकीट नाही. बोटीचे तिकीट तिचे तिलाच काढावे लागेल.